वेदनेचे फाटक

आरोग्य तपासणीचे पथक शाळेत येऊन गेले की एखाद्या मुलाच्या नावापुढे खूण झालेली असते. कोणाच्या हृदयाच्या ठोक्यांत वेगळा आवाज ऐकू आलेला असतो, कोणाचे पाऊल जन्मापासून वाकडे असते, कोणाचा कान सतत वाहत असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्यात सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची अशी तपासणी होते आणि गरज असेल त्या मुलांना शस्त्रक्रियेसाठी पुढे पाठवले जाते. शस्त्रक्रियेला जाणारे मूल हे त्यामुळे कोणा ना कोणा शिक्षकाचे विद्यार्थी असते. ते वर्गातून जाते आणि वर्गातच परत येते.

जाण्यापूर्वी ते एक प्रश्न विचारते, "खूप दुखेल का?" आपण मोठी माणसे सांगतो, "छे, मुंगी चावल्यासारखे वाटेल." हे उत्तर मायेपोटी दिलेले असते, पण ते खरे नसते. खरे उत्तर काय द्यावे? औषधांच्या जोडीने मुलाची वेदना आणि भीती कमी करण्याचे आणखी कोणते मार्ग आहेत? खेळ, गाणी, गोष्टी, विदूषक, मनातली चित्रे, मनगटावरचा दाब असे अनेक उपाय आज जगातील निरनिराळ्या रुग्णालयांत वापरले जातात. त्यांना पूरक उपचार म्हणतात. त्यांतले कोणते खरोखर उपयोगी आहेत, आणि हे ठरवायचे कसे, ते या लेखात पाहू.

लहानग्यांना दुखते का?

हा प्रश्न आज विचित्र वाटेल. पण १९८० नंतरच्या दशकातही अनेक प्रगत देशांत नवजात बाळांवर अगदी हलकी भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. स्नायू शिथिल करणारे औषध आणि नायट्रस ऑक्साइड वायू एवढ्यावर काम भागवले जाई. स्नायू शिथिल झालेले बाळ हलू शकत नाही आणि रडूही शकत नाही. त्यामुळे त्याला काही जाणवत नसावे असा समज टिकून राही. यामागे दोन कारणे सांगितली जात. एक म्हणजे तीव्र वेदनाशामक औषधे इतक्या लहान जिवाला सोसणार नाहीत ही धास्ती. दुसरे म्हणजे बाळाच्या चेतातंतूंवरील मज्जावरण पुरते तयार झालेले नसते, म्हणून वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत नीट पोचत नसेल हा तर्क.

दुसरे कारण तपासून पाहिले तर टिकत नाही. मोठ्या माणसातही वेदनेचे बरेच संदेश मज्जावरण नसलेल्या बारीक तंतूंमधूनच जातात. आवरण नसले तर संदेश हळू जातो, थांबत नाही. शिवाय बाळाचे शरीर एवढेसे असते की अंतरही थोडेच कापायचे असते.

या समजाला मोठा धक्का दिला तो कंवलजीत सिंग आनंद यांनी. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले आनंद ऑक्सफर्डला संशोधन करत होते. अपुऱ्या दिवसांच्या ज्या बाळांच्या हृदयाजवळील, जन्मानंतर आपोआप बंद व्हायला हवी अशी रक्तवाहिनी शस्त्रक्रियेने बांधावी लागत होती, अशा बाळांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला नेहमीची भूल दिली. दुसऱ्या गटाला तिच्या जोडीला फेंटानिल हे तीव्र वेदनाशामक दिले. पहिल्या गटातील बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरके कितीतरी जास्त वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीही त्यांच्यातच अधिक झाल्या. हा अभ्यास १९८७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाळ सांगू शकत नव्हते, पण त्याचे रक्त सांगत होते. नवजात बाळांच्या भुलेकडे पाहण्याची डॉक्टरांची दृष्टी त्यानंतर बदलत गेली.

म्हणून पूरक उपचारांबद्दल बोलताना पहिली गोष्ट ठरवून टाकू. भूल आणि वेदनाशामक औषधे यांना पर्याय नाही. बाकी सारे उपाय त्यांच्या जोडीचे आहेत. 'पूरक' आणि 'पर्यायी' या दोन शब्दांतला फरक येथे फार महत्त्वाचा आहे.

जखम तेवढी वेदना?

तरीही प्रश्न उरतो. वेदनेवर औषध असताना गाणी-गोष्टींची गरजच काय? त्याचे उत्तर वेदनेच्या स्वरूपात आहे.

दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर हे अमेरिकन डॉक्टर इटलीतील आघाडीवर काम करत होते. त्यांना एक गोष्ट चकित करून गेली. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना विचारले, तर त्यांतले सुमारे तीन-चतुर्थांश जण वेदनाशामक नको म्हणत. तसे पाहता नागरी रुग्णालयात त्याहून लहान जखमेचे रुग्णही मॉर्फीन मागतात. बीचर यांनी १९४६ मध्ये हे निरीक्षण मांडले. त्यांचा तर्क असा होता की सैनिकाच्या लेखी ती जखम म्हणजे रणांगणातून सुटका होती, तर घरी असलेल्या माणसाच्या लेखी शस्त्रक्रिया म्हणजे संकट. जखमेचा अर्थ बदलला की वेदनाही बदलते.

हे कसे घडत असेल याचे चित्र रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडले. त्यांच्या मते मेरुरज्जूत जणू एक फाटक असते. बारीक चेतातंतूंमधून आलेला वेदनेचा संदेश या फाटकातून वर मेंदूकडे जातो. स्पर्श आणि दाब यांचे संदेश आणणारे जाड तंतू हे फाटक लोटून घेऊ शकतात. गुडघा आपटला की आपला हात आपोआप तेथे जातो आणि आपण गुडघा चोळू लागतो. चोळण्याने जखम बरी होत नाही, पण दुखणे कमी होते. याचे स्पष्टीकरण या फाटकात मिळते.

याहून महत्त्वाचा भाग पुढचा आहे. फाटकावर खालून जसा ताबा चालतो तसा वरूनही चालतो. मेंदूकडून खाली येणारे संदेश फाटक उघडू शकतात किंवा लोटून घेऊ शकतात. मेल्झॅक आणि वॉल यांच्या मूळ आकृतीत पुढे बरेच बदल करावे लागले, पण मेंदू वेदनेला खालीच आवर घालू शकतो हा गाभा टिकून राहिला. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूतून एन्केफॅलिन ही द्रव्ये वेगळी केली. ती मॉर्फीनसारखेच काम करतात. म्हणजे मॉर्फीनची एक लहानशी कुपी आपण प्रत्येक जण जवळ बाळगून असतो.

१९७८ मध्ये आणखी एक दुवा जुळला. अक्कलदाढ काढलेल्या काही रुग्णांना औषध म्हणून निव्वळ निष्क्रिय द्रव टोचला, तरी त्यांचे दुखणे कमी झाले. मात्र मॉर्फीनचा परिणाम पुसून टाकणारे नालोक्सोन हे औषध दिल्यावर त्यांचे दुखणे पुन्हा वाढले. 'बरे वाटेल' या अपेक्षेनेच शरीरातील ती कुपी उघडली गेली असावी, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. 'मनाचे खेळ' म्हणून आपण जे उडवून लावतो त्यामागेही रसायने असतात.

भीती फाटक उघडते

मग मुलाच्या मनात भीती दाटली असेल तर काय होईल? अमेरिकेतील झीव केन या भूलतज्ज्ञांनी याच प्रश्नाचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात टॉन्सिलची शस्त्रक्रिया झालेली ५ ते १२ वर्षे वयाची २४१ मुले होती. शस्त्रक्रियेआधी जी मुले जास्त घाबरलेली होती, त्यांना नंतर रुग्णालयात आणि घरी गेल्यावरही पहिले काही दिवस जास्त दुखले. त्यांना वेदनाशामकही जास्त लागले. भुलेतून बाहेर येताना भ्रमिष्टासारखे ओरडणे, झोप नीट न लागणे हेही त्यांच्यात अधिक आढळले.

येथे थोडे थांबू. भीती आणि वेदना एकत्र आढळल्या म्हणून भीतीमुळे वेदना वाढली असे म्हणता येईल का? कदाचित काही मुले मुळातच हळवी असतील. त्यांना भीतीही जास्त आणि वेदनाही जास्त. हा पेच सोडवायचा तर मुलांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात, एका गटाची भीती मुद्दाम कमी करावी लागते आणि वेदनेत फरक पडतो का ते पाहावे लागते.

केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात ४०८ मुले होती आणि चार गट होते. पहिल्या गटाला नेहमीची व्यवस्था मिळाली. दुसऱ्या गटात भूल देताना आई किंवा वडील सोबत होते. तिसऱ्या गटाला मिडाझोलाम हे भीती कमी करणारे औषध दिले. चौथ्या गटातील कुटुंबाची आधीपासून तयारी करून घेतली. त्यांना चित्रफीत दाखवली, भुलेचा मुखवटा घरी नेऊन मुलाशी खेळता खेळता तोंडाला लावायचा सराव करायला सांगितला, ऐन वेळी लक्ष दुसरीकडे वळवायला शिकवले. भूल देतेवेळी या चौथ्या गटातील मुले पहिल्या दोन गटांपेक्षा शांत होती आणि औषध दिलेल्या गटाच्या बरोबरीची होती. त्यांना शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामक कमी लागले आणि ती घरीही लवकर गेली.

या तयारीतील एक सूचना आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. पालकांना सांगितले होते की सारखा धीर देऊ नका. "घाबरू नकोस, काही होणार नाही" असे पुन्हा पुन्हा ऐकले की मूल त्यातून एवढेच समजते की येथे घाबरण्यासारखे काहीतरी नक्की आहे. त्यापेक्षा दुसरा विषय काढणे किंवा हाताला काही काम देणे अधिक उपयोगी ठरते.

कोणता उपाय किती उपयोगी?

आता एकेक उपाय पाहू.

लक्ष वळवणे. हा सर्वांत सोपा आणि चांगला तपासला गेलेला उपाय. हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम दिलेल्या मुलांची भुलेच्या वेळची भीती काबूत राहते असे २००६ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसले. त्याची तुलना मिडाझोलामशीही केली होती. याच कल्पनेचे पुढचे टोक म्हणजे सिॲटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेले 'स्नोवर्ल्ड'. भाजलेल्या रुग्णाची पट्टी बदलणे हा अतिशय यातनामय प्रकार असतो. त्या वेळी रुग्णाच्या डोळ्यांवर पडदा बसवून त्याला बर्फाच्या दरीतून नेले जाते. तो बर्फाचे गोळे फेकत राहतो आणि पट्टी बदलून होते. या पद्धतीच्या २००० सालच्या पहिल्या अहवालात दोनच मुले होती. एवढ्यावरून निष्कर्ष निघत नाही. पण नंतर अनेक चाचण्यांत अशा वेळी वेदना कमी जाणवते असे आढळले. मेंदूची लक्ष देण्याची क्षमता मर्यादित असते, आणि ती दुसरीकडे गुंतली की वेदनेच्या वाट्याला कमी येते.

विदूषक. न्यूयॉर्कमधील 'बिग ॲपल सर्कस'ने १९८६ मध्ये रुग्णालयांसाठी विदूषकांचे पथक सुरू केले. पुढे ही कल्पना अनेक देशांत गेली. इटलीतील फ्लॉरेन्स येथे २००५ मध्ये ४० मुलांवर केलेल्या अभ्यासात विदूषकांच्या सोबतीने भूल घेणारी मुले स्पष्टपणे कमी घाबरली. गंमत अशी की मुलांना फायदा होतो हे मान्य करूनही बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका हा उपक्रम पुढे चालवायला तयार नव्हते. शस्त्रक्रियागृहाच्या कामात अडथळा येतो असे त्यांचे म्हणणे होते. उपाय गुणकारी असणे आणि तो रोजच्या धबडग्यात बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मनातली चित्रे. मुलाला डोळे मिटून आवडत्या जागी जायला सांगतात. नदीचा काठ, आजोळचे अंगण, जे त्याला हवे ते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टॉन्सिलची शस्त्रक्रिया झालेल्या ७ ते १२ वर्षांच्या ७३ मुलांपैकी एका गटाला हे तंत्र शिकवले होते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांत त्यांना कमी दुखले. दुसऱ्या दिवशी घरी मात्र फरक उरला नव्हता. उपाय खरा आहे, पण त्याचा पल्ला मर्यादित आहे.

गाणी आणि गोष्टी. शिकागोच्या लुरी बालरुग्णालयातील २०१५ चा अभ्यास त्याच्या रचनेसाठी वाखाणण्यासारखा आहे. मोठी शस्त्रक्रिया झालेल्या ९ ते १४ वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एका गटाने आवडीची गाणी ऐकली, दुसऱ्याने गोष्टी ऐकल्या, आणि तिसऱ्याने कानाला तसलाच हेडफोन लावला, पण त्यातून काहीच ऐकू येत नव्हते. पहिल्या दोन गटांचे दुखणे कमी झाले, तिसऱ्याचे नाही. तिसरा गट नसता तर हा परिणाम गाण्याचा, की नुसत्या शांततेचा आणि कोणीतरी विचारपूस केल्याचा, हे कळलेच नसते.

मनगटावरील दाब. चिनी वैद्यकात मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून सुमारे तीन बोटांवर एक बिंदू मानला जातो. तेथे सुई टोचल्याने किंवा दाब दिल्याने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि उलटी कमी होते, असे मुलांचा समावेश असलेल्या अनेक चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. एका बाबतीत उपयोग झाला म्हणून त्या वैद्यकाचे सारे दावे सिद्ध होत नाहीत, आणि सारे दावे पटत नाहीत म्हणून ही नोंद खोटी ठरत नाही.

आईवडिलांची सोबत. येथे निकाल अनपेक्षित आहे. भूल देताना पालक नुसते शेजारी उभे राहिल्याने मुलाची भीती कमी होते, असे २०१५ च्या कोक्रेन आढाव्यात दिसले नाही. पालक स्वतःच घाबरलेले असतील तर मुलाला कसला आधार मिळणार? याचा अर्थ पालकांना बाहेर काढावे असा मात्र नाही. ब्रिटनमध्ये १९५० च्या सुमारास रुग्णालयातील मुलाला भेटण्यावर कडक बंधने होती. दोन वर्षांची मुलगी आठ दिवस एकटी राहिल्यावर कशी मिटून जाते ते जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ च्या चित्रपटात दाखवले, आणि १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने मुलांना मोकळेपणी भेटू देण्याची शिफारस केली. सोबत हवीच, तिच्याबरोबर काय करायचे हे माहीत असणेही हवे.

या सगळ्या अभ्यासांची एक उणीव सांगायला हवी. गोळीच्या चाचणीत खरी कोणती आणि खोटी कोणती हे रुग्णाला कळू न देणे शक्य असते. विदूषक मात्र लपवता येत नाही. बऱ्याच चाचण्यांत मुलांची संख्याही थोडी असते. एकंदर पाहता या उपायांचा भीतीवरील परिणाम अधिक स्पष्ट आहे, वेदनेवरचा त्यामानाने कमी.

एक सावधगिरी. निरुपद्रवी वाटणाऱ्या काही वनस्पतिजन्य औषधांमुळे रक्त गोठण्यात किंवा भुलेत अडथळा येऊ शकतो. घरी कोणताही काढा, चूर्ण किंवा गोळ्या चालू असतील तर ते भूलतज्ज्ञांना न विसरता सांगावे. तसेच उपाशी राहण्याची सूचना काटेकोर पाळावी. भुलेत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकते. दया येऊन दिलेले एक बिस्किटही घातक ठरू शकते.

वेदना मोजायची कशी?

लहान मुलाला "दहापैकी किती दुखते?" हे कळत नाही. अमेरिकेतील टल्सा येथे डोना वाँग आणि कॉनी बेकर यांनी १९८३ च्या सुमारास मुलांच्याच मदतीने सहा चेहऱ्यांची पट्टी तयार केली. पहिला चेहरा हसरा, शेवटचा रडवेला. मुलाने बोट ठेवायचे. बोलता न येणाऱ्या बाळासाठी चेहरा, पायांची हालचाल, रडणे, समजूत पटणे अशा खुणा पाहून गुण देण्याच्या पट्ट्या आहेत. मोजता आले म्हणूनच कोणता उपाय उपयोगी हे ठरवता आले.

वर्गात करून पाहा

वरच्या वर्गांत एक साधा प्रयोग करता येईल. पसरट भांड्यात पाणी घेऊन त्यात थोडा बर्फ टाका. स्वेच्छेने पुढे आलेल्या विद्यार्थ्याने एक मिनिट हात पाण्यात ठेवायचा. नकोसे वाटले की लगेच काढायचा. एका वेळी त्याने हाताकडे पाहत गप्प बसायचे. हात पूर्ण गरम झाल्यावर दुसऱ्या वेळी शंभरातून सात-सात वजा करत जायचे. प्रत्येक वेळी दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. हृदयविकार, दमा किंवा हाताला जखम असलेल्यांनी भाग घेऊ नये. निम्म्या विद्यार्थ्यांनी आधी गप्प बसावे आणि निम्म्यांनी आधी वजाबाकी करावी. असे का करायचे, हा प्रश्न वर्गालाच विचारा.

शिक्षकाचे काम

"खूप दुखेल का?" या प्रश्नाचे उत्तर आता आपण असे देऊ शकतो: "डॉक्टर भुलेचे औषध देतील, त्यामुळे शस्त्रक्रिया चालू असताना तुला काही कळणार नाही. जागे झाल्यावर दुखेल. तेव्हा नर्सना सांग, त्या औषध देतील. आणि दुखत असताना तुला कोणती गोष्ट ऐकायला आवडेल, ते आत्ताच ठरवू." यात खोटे काही नाही, आणि मुलाच्या हाती काहीतरी काम आहे.

सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलाशी हे बोलणे आठवडाभर आधी व्हावे, म्हणजे त्याला विचार करायला वेळ मिळतो. अगदी लहान मुलाला एक-दोन दिवस आधी सांगणे पुरे; फार आधी सांगितले तर ते नुसते घाबरत बसते. खालच्या वर्गांत डॉक्टर-डॉक्टर हा खेळ भुलेच्या मुखवट्यासह खेळता येतो. वाचनालयातले एखादे पुस्तक त्याच्याबरोबर देता येते, किंवा वर्गातील मुलांच्या आवाजात गोष्टी ध्वनिमुद्रित करून पाठवता येतात. शिकागोच्या प्रयोगात गोष्टी गाण्यांच्या बरोबरीने उपयोगी पडल्या होत्या. मूल परत आल्यावर त्याच्या टाक्यांची चौकशी ते सांगेल तेवढीच करावी.

औषध रुग्णालयात मिळते. भीती मात्र घरून आणि शाळेतून बरोबर जाते, आणि तिच्यावरचा इलाजही तेथूनच सुरू करता येतो.